कळा मोजा, घड्याळ लावून

“डॉक्टर, सुनेच्या पोटात दुखतंय, निघू का?” असा फोन आला की मी आधी विचारतो, “कळ किती मिनिटांनी येते?” उत्तर बहुधा ठरलेले असते, “येते अधूनमधून.” या ‘अधूनमधून’वरून डॉक्टरलाही काही सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एक पहिलटकरीण नवव्या महिन्यात दोनदा माझ्याकडे आली. दोन्ही वेळा कळा खोट्या होत्या, म्हणून मी तिला घरी पाठवले. तिसऱ्यांदा रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तसंच असेल, सकाळी बघू.” पहाटे ती वाटेतच जीपमध्ये बाळंत झाली. बाळ गारठले होते. सुदैवाने दोघेही वाचली. चूक सासूबाईंची नव्हती. खऱ्या कळा कशा ओळखायच्या, हे मीच सांगितले नव्हते.

कळ सुरू होताच घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहावी, थांबताच पुन्हा लिहावी. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर. समजा, कळ २ वाजता आली, मिनिटभर टिकली आणि पुढची २ वाजून ८ मिनिटांनी आली, तर अंतर ८ मिनिटे, ७ नव्हे. अशी नोंद तासभर ठेवावी.

खोट्या कळांचे अंतर कमीजास्त होते. कूस बदलली, थोडे चालले की त्या बहुधा थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. अंतर घटत जाते, कळ लांबते, जोर वाढतो. कळ येताना पोटावर हात ठेवल्यास पोट दगडासारखे घट्ट लागते.

पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी, सुमारे मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या, की रुग्णालयात न्यावे. दुसरे-तिसरे बाळंतपण असेल किंवा गाव लांब असेल, तर इतके थांबू नये. १० मिनिटांनी नियमित कळा येऊ लागताच निघावे.

पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, आधी सिझेरियन झालेले असले किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर घड्याळ पाहत बसू नये. लगेच निघावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते.

आठवा महिना सरला की केसपेपरच्या पिशवीत कागद आणि पेन्सिल ठेवा. खोट्या कळांसाठी चार खेपा झाल्या तरी चालतील. डॉक्टर रागावला, तर रागावू द्या.