किल्ल्यातील पहाट

ही 1942 सालची गोष्ट. 8 ऑगस्टला मुंबईत काँग्रेसने ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर केला आणि 9 ऑगस्टच्या पहाटेच पुढाऱ्यांची धरपकड झाली. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांना त्यांच्या सहकाऱ्यांसह आगगाडीने अहमदनगरला नेण्यात आले. तेथील भुईकोट किल्ल्यात त्यांना ठेवले. चांदबीबीने मोगलांशी झुंज दिली, तोच हा किल्ला. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.)

सुटका कधी होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहिले काही आठवडे तर वर्तमानपत्रही मिळत नव्हते. अशा वेळी माणसाने काय करावे? जवाहरलाल नेहरू अंगणात माती खणून फुलझाडे लावू लागले. पुढे 1944 मध्ये, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला.

मौलानांची रीत निराळी होती. ते पहाटे तीन-चार वाजता उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. चहाही साधा नव्हे, चिनी आणि बिनदुधाचा! आपल्याकडच्या दुधाच्या चहाबद्दल त्यांचे मत वाचाल, तर तुम्हाला हसू येईल. समोर कागद असे आणि मनात एक दूरचा मित्र, मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी. त्यांच्या नावाने ते पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत, हे त्यांना माहीत होते. तरीही ते लिहीत राहिले. या पत्रांचे पुस्तक म्हणजे ‘गुबार-ए-खातिर’. गुबार म्हणजे धूळ, हे तुम्हाला सांगायला नकोच. ‘माझ्या खातर’ असे आपण मराठीतही म्हणतो. पण येथे खातिर म्हणजे मन.

या पत्रांत राजकारण फार थोडे आहे. संगीत आहे, फुले आहेत, आणि चिमण्यांची तर मोठी गंमत आहे. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी बांधली होती. कचरा सारखा खाली पडे. आधी त्यांनी चिमण्यांशी लढाई केली. ती हरल्यावर तह केला. तांदळाचे दाणे टाकून ते अगदी न हलता बसत. हळूहळू चिमण्या धीट झाल्या आणि हातावर येऊन दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावेही दिली. एक मोती, एक कलंदर, एक मुल्ला! देशाचा एवढा मोठा नेता तासन्‌तास चिमण्यांचे स्वभाव पाहत बसला होता, हे मला त्याच्या विद्वत्तेइतकेच मोलाचे वाटते.

चिमण्यांची ही पत्रे मार्च 1943 मधील आहेत. त्याच सुमारास कलकत्त्याहून पत्नी जुलेखा बेगम यांच्या आजाराची बातमी आली. छत्तीस वर्षांचा संसार होता. सरकारकडे विनंती करा, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. रोजचा क्रम त्यांनी मोडला नाही. जेवणाच्या वेळी ते जेवायला येत, लिहिण्याच्या वेळी लिहीत. दुपारी वर्तमानपत्र येई, तेव्हा काळजाचा ठोका चुके. पण ते पाठ फिरवून, काही घडलेच नाही असे बसत.

हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि लपवालपवी न करता. बाहेरची शांतता हा काही अंशी देखावा होता, असे ते कबूल करतात. मनाला आवरता आवरता शरीर आतून झिजत गेले, असेही ते सांगतात. माझ्या मते या पुस्तकातील हीच पाने सर्वांत खरी आहेत.

9 एप्रिल 1943 रोजी जुलेखा बेगम गेल्या. दोन दिवसांनी मौलानांनी त्यांच्याविषयी पत्र लिहिले. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. कोणाची, ते कोणालाच माहीत नव्हते. त्या कबरीचा उल्लेख या पत्रात येतो.

एप्रिल 1945 मध्ये त्यांना बंगालमधील बांकुरा येथे हलवले आणि जूनमध्ये सोडले. कलकत्त्याच्या स्थानकावर प्रचंड गर्दी लोटली होती. गाडी हारांनी भरून गेली. मौलानांनी ती घरी न नेता कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली. त्या हारांतील एक त्यांनी पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि फातिहा वाचला.