कुंडीतला धडा

प्रिय पालकहो,

मागच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांना सरबत दिले. थोड्या वेळाने पाहतो तर चर्चच्या अंगणात कागदी पेले पडलेले. एका मुलाला हटकले, तेव्हा तो सहज म्हणाला, "फादर, कागदाचेच आहेत, कुजून जातील."

कागद कुजतो हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण पेल्याने त्याला फसवले होते. सरबत झिरपू नये म्हणून अशा पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. कागद कुजतो, थर मागे राहतो. हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवावे, म्हणून हा छोटा पाठ.

एक मोठी कुंडी घ्या. झाडाखालची माती भरा. त्यात केळ्याची साल, वाळलेले पान, वर्तमानपत्राचा कपटा, सुती चिंधी, दुधाच्या पिशवीचा तुकडा, वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा आणि एक कागदी पेला वेगवेगळ्या जागी पुरा. प्रत्येक जागी काडी रोवा. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. काय कुजेल, काय राहील, याचा अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहावा. एका महिन्याने उकरून पाहा, पुन्हा पुरा. तीन महिन्यांनी परत पाहा.

साल ओळखूही येणार नाही. पान, कागद, चिंधी हळूहळू विरत जातील. पिशवी आणि पाकीट मात्र धुतले की जसेच्या तसे!

असे का? कुजणे म्हणजे खाल्ले जाणे. मातीतले जिवाणू, बुरशी आणि गांडुळे साल खातात व तिची माती करतात. प्लास्टिक हे त्यांचे अन्न नव्हे. उन्हाने त्याचे तुकडे होतात, पण तुकडे प्लास्टिकच राहतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही वाद घालत असू : जे आहे, ते 'नाहीसे' होऊ शकते काय? कुंडी सोपे उत्तर देते. नाहीसे काहीच होत नाही. एक तर रूप बदलते, नाही तर जागा.

खाणाऱ्या या जीवांपैकी बहुतेकांना हवा लागते. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकला की हवा कोंडते, दुर्गंधी सुटते. मोठ्या ढिगाऱ्यात खोलवर दबलेल्या अशाच कचऱ्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा धूर कित्येक दिवस शहरावर होता. म्हणून ओले आणि सुके घरातच वेगळे करायचे.

सुक्याचा धडा भंगारवाल्याकडून घ्यावा. तो काय घेतो, काय घेत नाही, हे मुलांनी त्यालाच विचारावे. काच आणि ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवता येतात. कागदाचे तंतू मात्र दर खेपेस आखूड होतात, म्हणून वहीची मागची कोरी बाजू आधी वापरावी. वेफर्सच्या पाकिटात निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे कठीण, म्हणून त्याला सहसा गिऱ्हाईक नसते.

आता आपल्याविषयी. मुलाने सकाळी कुंडी उकरली आणि संध्याकाळी वाडीत पाल्याबरोबर प्लास्टिकही पेटवलेले पाहिले, तर तो कोणता धडा लक्षात ठेवील? त्या धुरात विषारी वायू असतात, आणि तो आपल्याच घरात शिरतो.

हे लिहिताना मलाही गप्प बसता येत नाही. अंगणात पेले टाकले मुलांनी, पण ते विकत आणले होते मी. येत्या रविवारपासून सरबत स्टीलच्या पेल्यांतून मिळेल. विसळायला मुलांबरोबर मीही असेन.

– तुमचे फादर