जुनी मोटार घेताना ग्राहकाने घ्यावयाची दक्षता

नवी मोटार ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा असंख्य कुटुंबांची वाहनाची गरज वापरलेल्या मोटारीवर भागते. हा व्यवहार बहुधा विक्रेत्यामार्फत होतो. त्याच्या आवारात गाड्या धुऊन-पुसून, चकाकी आणून ओळीने उभ्या केलेल्या असतात आणि ग्राहकाचे लक्ष साहजिकच रंगावर व किलोमीटरच्या आकड्यावर खिळते. परंतु बिघडलेले इंजिन दुरुस्त करता येते. बिघडलेले कागद दुरुस्त करताना मात्र वर्षे जातात. म्हणून तपासणीचा आरंभ कागदपत्रांपासून करणे इष्ट होय.

मालक कोण?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी झालेली असते तोच सर्वसाधारणपणे त्याचा मालक समजला जातो. प्रत्यक्षात असे आढळते की, पैसे चुकते होतात, किल्ल्या हाती येतात आणि मूळ मालकाने कोऱ्या सह्या केलेले २९ व ३० क्रमांकांचे नमुने विक्रेत्याच्या खणात पडून राहतात. ‘महिनाभरात नावावर करून देतो’ हे आश्वासन तोंडीच असते. एका गाडीची विक्री २००७ साली झाली, ती पुढे अनेक हातांतून गेली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. २००९ मध्ये तिचा प्राणघातक अपघात झाला. नुकसानभरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. विकणाऱ्याने नोंद बदलून घेण्याची घाई का करावी, हे यावरून स्पष्ट व्हावे. घेणाऱ्याची अडचण निराळी : मूळ मालक परगावी गेला, निधन पावला किंवा त्याने सही नाकारली, तर संपूर्ण किंमत मोजूनही गाडी त्याच्या नावे होत नाही.

राज्यातल्या राज्यात हस्तांतरण झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. ही मुदत लक्षात ठेवून किमतीचा काही भाग नोंद बदलेपर्यंत हाती राखावा आणि तशी अट पावतीवरच लिहून घ्यावी. चांगला विक्रेता तिला हरकत घेत नाही.

विक्रेता अधिकृत आहे काय?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद झाली. मूळ मालकाने अशा विक्रेत्याकडे गाडी सोपविल्याची सूचना ऑनलाइन दिली की, विक्रेताच तिचा मालक मानला जातो. म्हणून ग्राहकाने प्राधिकारपत्र पाहावयास मागावे. ते नसेल तर समोरचा गृहस्थ निव्वळ मध्यस्थ असण्याचा संभव असतो. कोणत्याही कागदावर त्याचे नाव नसते आणि पुढे तो हात झटकून मोकळा होतो. पावती पेढीच्या नावाची, शिक्क्याची व चासी क्रमांकासह असावी. इसाराची रक्कमही पावतीशिवाय देऊ नये.

बोजा आणि विमा

नोंदणी पुस्तिकेवर बँकेचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. थकीत दंड व बोजा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तपासता येतो. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते; तिच्या किमतीत येथील कर मिळवून पाहावा. गाडीसोबत विम्याचे तृतीय पक्षासाठीचे संरक्षण नव्या मालकाकडे येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

गाडीची पारख

गाडी दिवसाउजेडी पाहावी व ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी, कारण अगोदर तापविलेल्या इंजिनाचे दोष झाकले जातात. चालू करताच निळसर धूर येत राहिल्यास इंजिन ऑइल जाळत आहे, असे समजावे. चासी व इंजिनावरील क्रमांक पुस्तिकेशी अक्षरशः जुळवावेत. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. पेडलचे रबर झिजलेले आणि आकडा मात्र अल्प असेल, तर सर्व्हिसिंगच्या नोंदी मागवाव्यात.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे सर्वांत कठीण आणि महाराष्ट्रात अत्यंत आवश्यक आहे. २००५ सालची मुंबईची अतिवृष्टी, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा व २०२१ चा चिपळूणचा महापूर यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा गाड्या दुरुस्त होऊन दूरच्या बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का ते पाहावे. आसनांखालच्या पट्ट्यांवरील गंज, राखीव चाकाच्या खोबणीतील गाळ व गालिच्याखालचा कुबट वास या खुणा सहसा पूर्णपणे पुसल्या जात नाहीत.

तक्रार कोठे करावी?

विक्रेत्याने दोष लपविल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसोबत पावती, विक्रेत्याची जाहिरात व त्याने पाठविलेले संदेश जोडावेत.