गुन्हेगार पडद्यावरचा आणि आपल्या दारातला



मागच्या महिन्यात आपल्या उपासनेला येणाऱ्या एका घरचा मुलगा शिक्षा भोगून परत आला. त्याच्या आईनं हळूच विचारलं, "गुरुवारी त्याला आणलं तर चालेल का?" आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि "बघू" म्हणालो. घरी आल्यावर तो "बघू" टोचत राहिला. म्हणून आजचा हा अभ्यास.

गुन्हेगार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो 'शोले'तला (१९७५) गब्बर. त्याला ना आई, ना पश्चात्ताप. गोष्टीला भीती हवी होती, म्हणून तो तसा घडवला. पण त्याच चित्रपटातले जय-वीरू कोण? तेही चोरच ना! तरी ते आपले वाटतात. पळून जायची संधी असताना त्यांनी जखमी ठाकूरला दवाखान्यात पोचवलं, आणि ठाकूरने ते लक्षात ठेवलं. त्यांचं चांगलं कोणीतरी पाहिलं होतं, एवढाच फरक.

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हेच सांगतो. कथा ग. दि. माडगूळकरांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना मोकळ्या शेतावर ठेवण्याचा प्रयोग झाला होता, त्यावर ती बेतलेली. खून केलेले सहा कैदी म्हणजे बारा हात, आणि जेलरचे दोन डोळे. जेलर त्यांचा गुन्हा लहान म्हणत नाही. पण पडीक जमीन त्यांच्याकडून कसून घेतो, पिकवलेली भाजी बाजारात विकायला लावतो. विश्वासही टाकतो आणि लक्षही ठेवतो.

हल्लीच्या काही मालिकांत उलटंच दिसतं. गुन्हेगाराला गॉगल, गाडी आणि टाळ्यांचे संवाद. ज्याचं घर उद्ध्वस्त झालं, तो मात्र पडद्यावर येतच नाही. आपली मुलं ते संवाद तोंडपाठ म्हणतात, तेव्हा जवळ बसून एवढंच विचारावं, "ज्याचं नुकसान झालं, त्याच्या घरी आज काय चाललं असेल?"

राक्षस म्हणून बघणं सोपं, हिरो म्हणून बघणंही सोपं. माणूस म्हणून बघणं तेवढं अवघड.

परवा आम्ही त्या माऊलीला फोन केला, "आणा त्याला." तो आला, दाराशीच बसला. आरतीनंतर न सांगता सतरंज्या घडी करू लागला. आम्ही दुसरं टोक धरलं.

घरी चर्चेसाठी: आपण कोणाला "बघू" म्हणून दारातच ठेवलंय?

🙏 सेवेकरी भगिनी