उशिरा येणारा आपलाच आवाज

मिरजेत घडलेला तंबोरा घेऊन एखादा गायक चंडीगडजवळच्या डेराबस्सीत, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करू लागतो. हेडफोनमध्ये त्याला स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि समेवर येताना तो डळमळतो. असे का होते?

आवाजाचे दर सेकंदाला सामान्यतः ४४,१०० नमुने घेतले जातात. संगणक ते एकेक करून हाताळत नाही. ठरावीक संख्या जमली की पुढे पाठवतो. या साठवणीला ‘बफर’ म्हणतात. बफर १,०२४ नमुन्यांचा असल्यास आत येताना सुमारे २३ मिलिसेकंद आणि बाहेर पडताना तितकाच वेळ जातो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे गायकाने आपला आवाज सोळा मीटरांवरच्या ध्वनिवर्धकातून ऐकावा, तसे हे झाले! १२८ नमुन्यांवर हेच अंतर दोन मीटर होते. बैठकीत तबलजी साधारण एवढ्यातच बसतो. तो विलंब कोणालाही खुपत नाही.

मग बफर अगदीच लहान का करू नये? लहान तांब्याने हौद भरणाऱ्याला सतत धावावे लागते. संगणकाचेही तसेच, तो मागे पडला की आवाजात कटकट येते. म्हणून गाताना बफर लहान ठेवून इतर प्रोग्राम बंद करावेत आणि नंतर मिश्रण करताना तो खुशाल वाढवावा. विंडोजवर ‘एएसआयओ’ ड्रायव्हर वापरल्यास मधले टप्पे टळतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोतच.

अनेक ऑडिओ इंटरफेसवर गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनकडे वळवण्याची सोय असते. तेव्हा बफरची चिंता उरत नाही; फक्त संगणकाने दिलेला घुमारा गाताना ऐकू येत नाही.