शब्बाथ आणि ऊन पाणी

फुजैरात हिवाळ्यात खोली तापवावी लागत नाही. वीज खाते ते गीझर. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचेच पाणी भाजते, म्हणून तेव्हा तो बंदच असावा. हिवाळ्यात मात्र आपण तो रात्रंदिवस चालू ठेवतो. वास्तविक ५० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे १.२ युनिट वीज पुरते. दोन किलोवॅटच्या गीझरला पाऊण तासही लागत नाही.

पण शब्बाथाचे काय? निर्गम ३५:३ मध्ये त्या दिवशी घरात विस्तव पेटविण्यास मनाई आहे. कोकणात आपल्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून तर ते शनवार तेली. गीझर शुक्रवारी बंद केला तरी शनिवारी नळ सोडताच आत शिरणारे गार पाणी तापते, आणि ते शिजविण्यात मोडते, असे अनेक रब्बी मानतात. आदल्या दिवशी तापविलेल्या पाण्याने हात, पाय, तोंड धुण्यास मात्र तलमूदची मुभा आहे.

म्हणून आम्ही सूर्यास्तापूर्वी स्नाने उरकून दोन मोठे थर्मास भरतो आणि गीझर बंद करतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी गार पाण्यात हात घालावा लागत नाही. २०२२ पासून येथील सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारीच सुटतात, तेव्हा सवड मिळते. खासगी नोकरीतल्यांनी हे काम घरच्यांवर सोपवावे.