नारळाच्या साखरेऐवजी काय?

केक-कुकीजच्या पाककृतींत हल्ली नारळाची साखर सर्रास दिसते. माझ्याकडे बेकिंग शिकायला येणाऱ्या मुली सामानाची यादी वाचतात आणि लगेच विचारतात, "काकू, ही नसेल तर काय घालू?" तिची किंमत गुळाच्या कितीतरी पट असते, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. आमच्या घरात गोडधोड बहुतेक गुळावरच होतं आणि ओव्हनही नेहमी चालू असतो. या साखरेच्या जागी काय चालतं आणि काय नाही, हे मी हातानं करून पाहिलं आहे. त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

१. ती साखर तिथं कशासाठी आहे, ते आधी बघावं.

खोबऱ्याशी या साखरेचा काही संबंध नाही. माडाची पोय छेदली की जो रस ठिबकतो, ती नीरा. ती आटवून, घोटून रवाळ केली की झाली नारळाची साखर. तिला खोबऱ्याचा वास नसतो, चव करपवलेल्या साखरेच्या जवळ जाणारी असते. म्हणून ती नाही म्हणून केकमध्ये डेसिकेटेड कोकोनट वाढवण्यात अर्थ नाही.

पदार्थात ती चार कामं करते. गोडी आणते, तपकिरी रंग देते, ओलावा धरते आणि तो खमंग वास देते. कुठल्या पाककृतीत यातलं कुठलं काम मुख्य आहे ते ओळखलं, की पर्याय आपोआप सुचतो. पुष्कळदा तिथं वेगळंच कारण असतं. अमेरिकेत उसाची काही साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून तिकडचे वीगन लोक नारळाची साखर घेतात. तेवढंच कारण असेल तर आपल्या गुळानं काम निभावतं, कारण गूळ करताना हाडांचा कोळसा लागतच नाही.

२. मधुमेहासाठी म्हणून तिच्यामागे धावू नये.

हे मी जरा ठासून सांगते, कारण घरोघरी याच कारणानं ती विकत घेतली जाते. नारळाच्या साखरेत ७० ते ८० टक्के सुक्रोजच असतं, म्हणजे आपल्या पांढऱ्या साखरेत असतं तेच. उष्मांकही जवळपास तेवढेच. तिचा ग्लायसेमिक इंडेक्स फिलिपिन्समधल्या मोजणीत ३५ आला आणि सिडनी विद्यापीठाच्या मोजणीत ५४. एकाच वस्तूच्या दोन मोजण्यांत एवढं अंतर असताना पाकिटावरच्या आकड्यावर विसंबून आजोबांना केकचा दुसरा तुकडा वाढू नये. लोह, पोटॅशियम असतं हे खरं, पण चमचा-दोन चमच्यांतून पोटात जाणार ते किती?

गुळालाही हेच लागू आहे. घरात मधुमेही माणूस असेल तर पदार्थातली गोडी कमी करा आणि तुकडा लहान कापा. साखरेची जात बदलून ते काम होत नाही, आणि पथ्य डॉक्टरांनाच विचारावं.

३. रोजच्या केकसाठी गुळाची पावडर, पण वजनावर.

माझं पहिलं उत्तर हेच असतं. केळ्याचा केक, गाजराचा केक, नाचणीची बिस्किटं, खजूर-अक्रोड केक या सगळ्यांत गुळाची पावडर उत्तम बसते. मात्र कपाला कप मोजू नये. पांढरी साखर कपात सुमारे २०० ग्रॅम मावते, नारळाची साखर त्याहून हलकी भरते, आणि गुळाची पावडर किती दाबली यावर तिचं वजन ठरतं. वजनकाटा घ्यावा. नारळाची साखर १५० ग्रॅम लिहिली असेल तर गुळाची पावडरही १५० ग्रॅमच घ्यावी.

पावडर चाळून घेणं आवश्यक आहे. पावसाळ्यात तर तिचे खडे होतातच. ते पिठात तसेच राहिले की भाजताना वितळतात आणि केकमध्ये काळे चिकट ठिपके दिसतात. मी पावडर तेलात न घालता आधी दह्यात किंवा कोमट दुधात मिसळते, दहा मिनिटं तशीच ठेवते आणि मग पुन्हा फेटते. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळलं की कण लागतात की नाही ते लगेच कळतं. लागले तर आणखी पाच मिनिटं थांबायचं.

लोणी आणि साखर फेसून करायच्या केकला मात्र गूळ थोडा आडमुठा. पांढऱ्या साखरेचे टोकदार कण लोण्यात हवा भरतात, गूळ लोण्यात मऊ होऊन बसतो. नारळाची साखरही या कामात यथातथाच. तिथं निम्मी पांढरी साखर आणि निम्मा गूळ घेतला तर केक हलका होतो आणि रंगही राहतो.

आणि ओव्हनवर लक्ष ठेवावं. गूळ लवकर रंगतो. १८० अंशांवर भाजायचा केक मी १६५-१७० वर ठेवते आणि सांगितलेल्या वेळेच्या आठ-दहा मिनिटं आधी सुई घालून बघते.

४. दूध असेल तिथं सबुरी.

गुळानं गरम दूध फाटतं, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कस्टर्ड, खीर, मिल्क पुडिंग करताना पाककृतीत नारळाची साखर दिसली की लोक सरळ उकळत्या दुधात गूळ टाकतात. खीर खाली उतरवून कोमट झाली की मग गूळ घालावा. कस्टर्डला तेवढी उसंत नसते, तिथं साधी साखरच घ्यावी आणि रंगासाठी थोडी साखर कढईत करपवून घालावी.

नारळाच्या दुधाला ही भीती नाही. खापरोळ्यांचा रस, शिरवाळ्यांचा रस आपण पिढ्यान्‌पिढ्या गुळाचाच करत आलो. वीगन पुडिंग नारळाच्या दुधाचं असेल तर बेलाशक गूळ घाला.

५. कुकीजना ब्राऊन शुगर.

मधे मऊ आणि कडेला चिवट अशी चॉकलेट चिप कुकी हवी असेल तर ब्राऊन शुगरसारखं दुसरं काही नाही. ती म्हणजे मळी लावलेली पांढरीच साखर, तेव्हा तिला पौष्टिक समजू नये. घरी करायची तर कपभर साखरेला चमचाभर काकवी चोळावी. काकवी आणि मळी या वेगळ्या वस्तू आहेत. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधी काहिलीतून काढलेला दाट रस, आणि मळी म्हणजे कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरतं ते. काकवीची चव सौम्य आणि कितीतरी चांगली.

नानकटाई, मेरिंग, फेटलेलं क्रीम यांना पांढरी साखर. तिथं पर्याय शोधत बसू नये.

६. मध आणि खजूर.

हे ओले पर्याय आहेत, त्यामुळे हिशेब बदलतो. कपभर साखरेला पाऊण कप मध घ्यावा, दूध किंवा पाणी तीन-चार टेबलस्पून कमी करावं आणि ओव्हनची आच थोडी उतरवावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं काहीही देऊ नये, भाजलेलंसुद्धा. खजुराचा लगदा ब्राउनीत छान, कुरकुरीत बिस्किटात नको.

७. तिखट पदार्थांत काळा गूळ.

थाई करी, पाद थाई, इंडोनेशियाचं शेंगदाण्याचं सॉस यांत माडाची किंवा ताडाची साखर असते, आणि तिथं ती तिखट, आंबट, खारट यांना सांभाळून घेते. आमटीत चिंचेबरोबर गूळ हेच काम करतो, म्हणून आपल्या हाताला ही चव अनोळखी नाही. पिवळा, चकचकीत गूळ इथं फिका पडतो. गडद, रसायनाशिवायचा गूळ घ्यावा. गुळाला पिवळेपणा यावा म्हणून हायड्रोस पावडर वापरली जाते, तेव्हा फार देखणा गूळ दिसला की मी पुढच्या दुकानात जाते. खडा तोंडात टाकून बघावा, काही गूळ खारट असतो. करीत तो चालून जाईल, केकमध्ये नाही.

माझी भाची मेलबर्नला असते. ती म्हणाली, "मावशी, इथं थाई दुकानात पाम शुगरच्या वड्या मिळतात, त्या चालतील का?" चालतात. फक्त वेष्टनावरचे घटक वाचावेत, कारण फिकट रंगाच्या वड्यांत बरेचदा उसाची साखर मिसळलेली असते. गुला जावा किंवा गुला मलाका नावाच्या गडद वड्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात.

८. सगळ्यांत जवळचा पर्याय गोव्यात आहे.

वास आणि चव हेच मुख्य असेल, तर वरचे सगळे पर्याय बाजूला ठेवून गोव्याचा माडाचा गूळ आणावा. रस तोच, नीरेचाच. साखर रवाळ करतात आणि हा साच्यात ओततात, एवढाच फरक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याचे काळेभोर, पिरॅमिडच्या आकाराचे खडे मिळतात. सुरीनं तासला की आतून ओलसर, तांबूस-काळा निघतो. जिभेवर आधी किंचित खारटपणा येतो, मग धुरकट वास आणि शेवटी दाट गोडी. नाताळातलं दोदोल या गुळाशिवाय होतच नाही, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्यांच्या सारणाला तो घातला की उसाच्या गुळाची आठवण येत नाही.

केकसाठी तो तासून दोन-तीन चमचे गरम पाण्यात विरघळवावा, गाळावा, पूर्ण गार करावा आणि तेवढं पाणी पाककृतीतून कमी करावं. गाळण्याचा कंटाळा करू नये, तळाशी कचरा राहतो. आल्याचा केक, तवसळी, केळ्याचा केक यांत तो नारळाच्या साखरेपेक्षा सरस लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक किलो गुळासाठी सहा-सात लिटर नीरा आटवावी लागते. त्यासाठी रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो, आणि रस आंबू नये म्हणून भांड्याला आतून चुना लावतो. हे काम करणारी माणसं गोव्यात आता कमी होत चालली आहेत. तेव्हा पुढच्या वेळी गोव्याला गेलात तर काजूच्या पाकिटांबरोबर या गुळाचे दोन खडे जरूर घ्या, आणि भावात घासाघीस करू नका.